अवकाशाची शाळा लोणारला भरवा

२०२५ च्या जुलैत चिलीतल्या ‘अ‍ॅटलास’ या दुर्बिणीला एक धूमकेतू दिसला. तो आपल्या सूर्यमालेतला नव्हता. बाहेरून यायचं, सूर्याला वळसा घालायचा आणि पुन्हा बाहेर निघून जायचं, अशा वाटेवरचा आजवर सापडलेला हा तिसराच पाहुणा, म्हणून त्याचं नाव ३आय/अ‍ॅटलास. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याभोवती घडलेलं द्रव्य शास्त्रज्ञांना आयतं तपासायला मिळालं. पण आपल्या नववी-दहावीच्या मुलांपर्यंत यातलं काय पोचलं? रील्समधून पोचलं ते परग्रहावरून निघालेलं यान. डिसेंबरात तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तेव्हाही जवळपास २७ कोटी किलोमीटर लांब होता, आणि तरीही ‘ते येताहेत’ असे व्हिडिओ फिरत होते.

मुलांना मी दोष देणार नाही. तिकडे कोणी आहे का, हा प्रश्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी जितका आतून पडतो तितका पुढे क्वचितच पडतो. दोष आपला आहे. आपण त्यांना स्वप्नं दाखवतो, पण समोर दिसतं ते यान आहे की दगड, सजीव आहे की निर्जीव, हे ठरवायचं कसं ते शिकवत नाही.

२०२५ मध्येच पुणे जिल्हा परिषदेनं एक चांगलं काम केलं. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीनं चाचण्या घेऊन आपल्या शाळांतली सहावी-सातवीची ७५ मुलं निवडली. त्यांतल्या ५० जणांना इस्रो आणि २५ जणांना अमेरिकेतली नासा दाखवायचं ठरवलं. ज्या घरांत शाळेच्या सहलीचे पैसे भरतानाही विचार करावा लागतो, त्या घरांतल्या मुलांना हे मिळावं याचा मला मनापासून आनंद आहे. इस्रोचा ‘युविका’ उपक्रम २०१९ पासून नववीच्या मुलांना दोन आठवडे आपल्या केंद्रांत ठेवून घेतो आणि ग्रामीण शाळांतल्या मुलांना झुकतं माप देतो. तोही चांगला. याखेरीज खासगी शिबिरं आहेत. तिथे निळा पोशाख, गरगर फिरणारी खुर्ची, नकली नियंत्रण कक्ष आणि शेवटी प्रमाणपत्र. अमेरिकेत हंट्सव्हिलला १९८२ साली सुरू झालेल्या स्पेस कॅम्पचा हा साचा आता जगभर वापरला जातो.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: मुलाला अवकाशात जाणारा म्हणून तयार करायचं. माझा आक्षेप या कल्पनेला आहे. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलातले चाचणी वैमानिक आहेत. शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोचले तेव्हा ३९ वर्षांचे होते. आपलं अवकाश स्थानक २०३५ पर्यंत आणि भारतीय माणसाचं चंद्रावरचं पाऊल २०४० पर्यंत, असं सरकारचं उद्दिष्ट आहे. २०२५ मध्ये चौदा वर्षांची असलेली मुलगी २०४० मध्ये एकोणतिशीची असेल. वय अगदी योग्य. पण अशा मुली या देशात लाखो आहेत आणि यानात जागा असतील तीन. उरलेल्यांचं काय करायचं? त्यांनी टाळ्या वाजवायच्या?

परग्रहावरच्या जीवसृष्टीशी माणसाची गाठ पडायची असेल, तर ती बहुधा यानाच्या दारात पडणार नाही. ती प्रयोगशाळेतल्या टेबलावर किंवा संगणकाच्या पडद्यावर पडेल. आणि त्या टेबलाशी, त्या पडद्यासमोर बसायला हजारो माणसं लागतील. त्यासाठी मुलांना तयार करणं आपल्या हातात आहे, आणि ते आपण करत नाही.

मंगळावरच्या एका खडकाकडे पाहा. जेझेरो विवरात एका जुन्या नदीच्या कोरड्या पात्रात नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जुलै २०२४ मध्ये एक तांबूस दगड सापडला. त्याला ‘चेयावा फॉल्स’ असं नाव दिलं. त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके आहेत: कडेला गडद, मध्ये फिकट. ठिपक्यांत लोह, फॉस्फरस आणि गंधक यांची अशी खनिजं असल्याच्या खुणा मिळाल्या, जी पृथ्वीवर बऱ्याचदा चिखलातल्या सूक्ष्मजीवांच्या चयापचयातून तयार होतात. वर्षभर छाननी झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शोधनिबंध आला. त्यात शब्द वापरले ते ‘संभाव्य जैवखूण’ एवढेच, कारण ही खनिजं सजीवांशिवायही तयार होऊ शकतात. त्या दगडाचा नमुना एका नळीत सीलबंद होऊन मंगळावरच आहे. तो पृथ्वीवर आणण्याची मोहीम खर्चाच्या वादात अडकली आणि २०२६ मध्ये तिचा निधी थांबला. म्हणजे तो आला, तरी उघडणारी माणसं आज शाळेच्या बाकावर आहेत. त्यांतली काही आपल्या शाळांतली का नसावीत?

दुसरं उदाहरण के२-१८बी या ग्रहाचं, १२४ प्रकाशवर्षं दूर. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं जाहीर केलं की जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत त्या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसतात. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती सोडतात. केवळ योगायोगानं असं दिसण्याची शक्यता ०.३ टक्के, असा त्यांचा हिशोब होता. बातम्यांचे मथळे जीवसृष्टी सापडल्याचे आले. स्वतः संशोधकांनी मात्र आणखी निरीक्षणं हवीत असंच म्हटलं होतं. पुढे काही आठवड्यांत इतर गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीनं तपासली आणि खात्रीलायक खूण सापडत नाही असा निष्कर्ष काढला. शिवाय हाच वायू ६७पी नावाच्या धूमकेतूवरही आढळला होता, जिथे जीवसृष्टीचा प्रश्नच नाही.

ही उदाहरणं माझ्या मते विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात धड्याएवढ्या जागेची हक्कदार आहेत. शास्त्रज्ञ चुकतात हे सांगण्यासाठी नव्हे. एखादी चमत्कारिक शक्यता समोर असताना शहाणी माणसं तिच्याशी कशी वागतात, हे मुलांना दिसावं म्हणून. नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये यासाठी सात पायऱ्यांची एक शिडी मांडली. आधी खूण दिसली पाहिजे. मग ती आपल्याच उपकरणातली किंवा आपल्याबरोबर गेलेली घाण नाही याची खात्री. मग, तिथल्या परिस्थितीत सजीव अशी खूण खरंच सोडू शकतात का? आणि सजीवांशिवाय ती कशी होऊ शकेल, याचे जेवढे मार्ग ठाऊक आहेत तेवढे सगळे बंद करायचे. नंतर वेगळ्या प्रकारची दुसरी, स्वतंत्र खूण शोधायची. वर अजून दोन पायऱ्या आहेत, पण आजवर कोणताही दावा त्यांच्या जवळपासही पोचलेला नाही. ही शिडी सातवीच्या मुलाला समजते. तिला गणित लागत नाही, संयम लागतो.

संयम म्हटलं की मला जयंत नारळीकर आठवतात. मराठी वाचकाला त्यांची ओळख करून द्यायला नको. पण त्यांच्या एका प्रयोगाबद्दल शाळांत फारसं बोललं जात नाही. जीवनाची बीजं अवकाशातून पृथ्वीवर आली असावीत या कल्पनेचे ते पाठीराखे होते. ती तपासण्यासाठी २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडले गेले. निर्जंतुक केलेल्या नळ्यांमध्ये ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा गोळा करून ती प्रयोगशाळांत तपासली. इस्रोचा त्यात पुढाकार होता, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेचा सहभाग होता. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. इतक्या उंचीवर, अतिनील किरणांच्या माऱ्यात जिवंत राहिलेले जीव! ते बाहेरून आले असं म्हणायचा मोह किती मोठा असेल. पण या निष्कर्षांतून त्यांचं मूळ पृथ्वीबाहेरचं असल्याचं सिद्ध होत नाही, असं त्या घोषणेतच स्पष्ट म्हटलं होतं. आयुष्यभर जी कल्पना मांडली तिच्या बाजूनं पुरावा आल्यासारखं दिसत असताना तिथेच थांबणं, हे आपल्या मातीत घडलेलं उदाहरण आहे. मुलांना नासाच्या बसमध्ये बसवण्याआधी ही गोष्ट सांगितली पाहिजे.

आता लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर उल्काघातानं बेसॉल्टच्या खडकात, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, तयार झालेलं आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचा असल्यामुळे जगभरातले ग्रहशास्त्रज्ञ इथे येतात. आघातानं काचेसारखं झालेलं मॅस्केलिनाइट हे खनिज इथे मिळतं आणि तेच मंगळावरून आलेल्या उल्कांतही मिळतं. सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, आणि त्यात सूक्ष्मजीवांची मोठी वस्ती आहे. विवराचं वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानलं जायचं. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या जवळपास निघालं. नव्या पद्धतीनं मोजल्यावर वय दहापट वाढू शकतं, हे काठावर उभं राहून ऐकण्यासारखं आहे.

जून २०२० मध्ये हे सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, लोक घरात, आणि तर्कांना ऊत आला. वन खात्यानं नमुने प्रयोगशाळांकडे पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी झाली आणि कारण मिळालं: पाणी घटून क्षार वाढले आणि खारात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांची संख्या वाढली. नमुन्याचं पाणी स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. यापेक्षा चांगला धडा कुठल्या परदेशी शिबिरात मिळेल? रंग बदललेलं पाणी, दहा अफवा, एक बाटली, एक सूक्ष्मदर्शक.

म्हणून माझी सूचना अशी आहे. राज्यानं आठवी ते दहावीच्या मुलांसाठी जीवशोधाचं शिबिर सुरू करावं आणि त्याचं केंद्र लोणारला असावं. प्रत्येक गटाला तीन सीलबंद बाटल्या द्याव्यात: एकीत सरोवराचं पाणी, दुसरीत तेवढेच क्षार घातलेलं निर्जंतुक पाणी, आणि तिसरीत सोडियम सिलिकेटच्या द्रावणात मोरचूद आणि हिराकस टाकून वाढवलेली रासायनिक बाग. त्या खड्यांना पाहता पाहता फांद्या फुटतात, डोळ्यांदेखत काही तरी वाढतं, आणि त्यात जीव नसतो. कुठल्या बाटलीत काय आहे हे सांगायचं नाही. मुलांनी ठरवायचं, दुसऱ्या गटानं त्यांचा निष्कर्ष खोडून काढायचा प्रयत्न करायचा, आणि शिडीच्या कितव्या पायरीवर आपण आहोत हे फळ्यावर लिहायचं. कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटानं अशाच कामांसाठी बनवला आहे. तो अत्यंत स्वस्त आहे आणि भारतातल्या अनेक शाळांत पोचलेला आहे.

लोणारला हजारो मुलं लोटली तर सरोवराचं वाटोळं होईल, ही भीती रास्त आहे. २०२० पासून ते रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली जपायची पाणथळ जागा आहे, परिसर अभयारण्य आहे. मात्र ती भीती या शिक्षणाचाच भाग व्हावी असं मला वाटतं. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं नववं कलम सांगतं की परक्या ग्रहगोलांचं घातक दूषण टाळा. भारत त्या करारात सामील आहे. १९७० च्या दशकात मंगळावर गेलेली व्हायकिंग यानं उड्डाणाआधी सुमारे ११२ अंश सेल्सिअसवर तीसेक तास भाजून काढली होती, पृथ्वीचे जंतू सोबत जाऊ नयेत म्हणून. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. त्यावर कॅसिनी यान चुकून आदळू नये, म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये इंधन संपत आल्यावर ते शनीत बुडवलं. उलट २०१९ मध्ये चंद्रावर कोसळलेल्या एका खासगी इस्रायली यानात पाणअस्वलं, म्हणजे टार्डिग्रेड, होती, आणि हे जगाला अपघातानंतर कळलं. कायद्यानं ते बसतही असेल. मला ते अक्षम्य वाटतं. परग्रहावर जीव असलाच तर त्याला पहिला धोका आपलाच आहे. तेव्हा शिबिरातल्या मुलांनी काठावरून चालावं, पाण्याला हात लावू नये, नमुने वन खात्याच्या परवानगीनं एकाच ठिकाणी घ्यावेत आणि बाकी बाटल्या शाळांपर्यंत जाव्यात. ‘इथे आपण पाऊल टाकायचं नाही’ हे पंधराव्या वर्षी ज्यानं पाळलं, त्याच्या हातात पुढे यान द्यायला मला भीती वाटणार नाही.

दुसरं ठिकाणही घरचंच आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापारेल्ली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश इथे ऐकला जात होता, आणि उतरण्याच्या थोडं आधी तो थांबल्याचंही इथे कळलं. यान कोसळलं होतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास इथे भरणाऱ्या प्रदर्शनाला आसपासच्या शाळांतली मुलं मोठ्या संख्येनं येतात. त्यांना अँटेना दाखवणं ठीक, पण अँटेनेला काय ऐकू येतं ते वेगळं करायला शिकवणं जास्त मोलाचं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं कोड्यात टाकणारे काही संकेत २०१५ मध्ये उलगडले: वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार मध्येच उघडलं की ते उमटत. त्याच दुर्बिणीनं २०१९ मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या दिशेनं टिपलेला एक संकेत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाच्या नजरेस आला. त्याच्या वरिष्ठांनी तो फेटाळला नाही आणि डोक्यावरही घेतला नाही. वर्षभर तपासून २०२१ मध्ये दाखवून दिलं की तो माणसांच्याच उपकरणांचा गोंधळ होता. अशी निरीक्षणं खुली करण्याची रीत आता वाढते आहे. तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही ती उतरवून घेता येतील, जर कोणी बोट धरून पहिला तास बसवलं तर.

यावर एक आक्षेप हमखास येतो: स्वप्नं तरी पाहू द्या, आधीच संशय कशाला शिकवता? मला हा आक्षेप मुलांना कमी लेखणारा वाटतो. वुल्फ क्यूकिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा २०१९ च्या उन्हाळ्यात नासाच्या गोडार्ड केंद्रात शिकाऊ म्हणून आला. ग्रह शोधणाऱ्या टेस या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत जोडीतले तारे एकमेकांना झाकतात त्या नोंदी चाळताना तिसऱ्या दिवशी त्याला प्रकाशातली एक घट वेगळी वाटली. ती दोन सूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहाची निघाली, टीओआय १३३८ बी. त्याच्या स्वप्नाला कोणी रॉकेटचा पोशाख घातला नव्हता. त्याला खऱ्या नोंदी दिल्या, आणि आपण सांगितलं त्यावर गांभीर्यानं विचार होईल असा विश्वास दिला. मुलांना याहून मोठं बक्षीस दुसरं नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. शाळांत शिक्षक पुरेसे नाहीत, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक नाही, आणि तुम्ही मंगळाच्या गोष्टी करता. हे खरं आहे. पण म्हणूनच मी निवडक मुलांच्या परदेशवारीपेक्षा प्रत्येक तालुक्यातले दोन विज्ञान शिक्षक लोणारला तयार करायला जास्त महत्त्व देतो. पंचवीस मुलं परत येतात आणि अनुभव त्यांच्यापाशी राहतो. शिक्षक शाळेत राहतो. आयुकाच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका टाकाऊ वस्तूंतून प्रयोग करून दाखवत आली आहे. तिथली पद्धत जिल्ह्यांत न्यायला नवी इमारत लागत नाही, शिक्षकाला वर्षातले काही दिवस इतर सरकारी कामांतून मोकळं करावं लागतं. खर्चापेक्षा ते अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

या कौशल्याचा उपयोग अफवा ओळखायला होईल, पाणी तपासायला होईल, असं समर्थन लोक देतात. होईलही. मला ते दुय्यम वाटतं. विश्वात आपण एकटे आहोत का, हा माणसाला पडलेल्या सर्वांत मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे, आणि त्याचं उत्तर शोधण्याच्या कामात मराठी शाळेतल्या मुलाचा वाटा असावा, एवढं कारण पुरेसं आहे.

आणि एक मागणी, बिनखर्चाची. जिल्हा परिषदांच्या पुढच्या निवड चाचण्यांत किमान एक प्रश्न असा असावा की अपुरी माहिती द्यायची आणि विचारायचं, यावरून जीवसृष्टी आहे असं म्हणता येईल का? ‘एवढ्यावरून सांगता येणार नाही, मला अमुक निरीक्षण हवं’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. चार पर्यायांतून एक निवडायच्या पद्धतीत हे बसत नाही. मग पद्धत बदला, आणि उत्तरं तपासायला लोणारला तयार झालेले शिक्षक बसवा.